कोवळी माय आणि लेकराचा घास

वारकरी सज्जनहो, आपल्या संप्रदायात देवाला 'माउली' म्हणतात, ज्ञानोबारायांना माउली म्हणतात, आणि वारीच्या वाटेवर भेटेल त्या अनोळखी माणसालाही माउलीच म्हणतात. इतका मोठा शब्द आपण इतक्या सहज वापरतो. तेव्हा या शब्दाचा अधिकार केव्हा प्राप्त होतो, याचा थोडा विचार करू. पंधरा-सोळा वर्षांची पोर, जिची स्वतःची हाडे अजून वाढायची आहेत, तिच्या ओटीत मूल घालून तिला 'माउली' म्हणणे हा तिचा गौरव आहे की तिच्यावर केलेला अन्याय? आणि तिचे लेकरू अशक्त निपजले तर तो दोष कोणाचा?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. 'बुवा, ज्याचे त्याचे प्रारब्ध!' हा आक्षेप करणारी माणसे वाईट नसतात, पुष्कळदा भाविकच असतात. पण प्रारब्ध या शब्दाचा अर्थ नीट पाहावा. जे घडून गेले व ज्याचा भोग सुरू झाला ते प्रारब्ध. आता या घटकेला जे माझ्या हातून घडायचे आहे ते क्रियमाण. शेजारचे पोर विहिरीत पडले तर काठावर बसून कोणी कर्मविपाक सांगत नाही, दोर शोधतो. लेकराची भूक हे त्याचे प्रारब्ध असेल असे क्षणभर धरले, तरी माझ्या पातेल्यातली पेज हे माझे क्रियमाण आहे. त्याचा हिशेब मलाच द्यावा लागेल.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या नावाने येतो. आठ वर्षांच्या कन्येला गौरी म्हणणारी आणि तिच्या दानाचे मोठे पुण्य सांगणारी स्मृतिवचने आहेत, हे कोणी नाकारत नाही. पण शास्त्र म्हणजे काही तेवढीच दोन-चार वचने नव्हेत. मनूनेच सांगितले आहे की गुणहीन वराला देण्यापेक्षा ऋतुमती कन्या जन्मभर बापाच्या घरी राहिली तरी चालेल. आणि सुश्रुताचे शारीरस्थान उघडा. सोळा वर्षांच्या आतील स्त्रीला गर्भ राहिला तर तो पोटातच नासतो, जन्मला तर फार जगत नाही, जगला तर दुर्बळ होतो, म्हणून अतिबाल स्त्रीच्या ठायी गर्भाधान करू नये, असे तो स्पष्ट बजावतो. हे काही विलायतेहून आलेले मत नव्हे.

आमच्या मालवणकरांना तर हा विषय नवा असू नये. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणातच जन्मले. १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा आणला, तेव्हा तरी काय, वयाची मर्यादा दहावरून बारावर न्यायची होती! तेवढ्यावरही देशभर वादळ उठले, धर्म बुडाला अशी ओरड झाली. त्या वेळी भांडारकरांनी गृह्यसूत्रे व विवाहाचे मंत्र यांच्या आधारे दाखवून दिले की प्राचीन काळी प्रौढ कन्येचे विवाह होत असत, आणि लहान मुलीवर मातृत्व लादावे अशी शास्त्राची आज्ञा नाही. पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा केले, १९४९ साली ते पंधरा झाले, १९७८ साली अठरा. २००६ च्या कायद्याने तर असले लग्न ठरविणारा व लावणाराच नव्हे, तर त्यात सामील होणाराही गुन्हेगार ठरतो. म्हणजे अक्षता टाकून जेवून येणारे आपण सुटलो असे नाही, बरे का!

कायद्याचे राहू द्या, एका माउलीचे चरित्र पाहा. आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न झाले आणि चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. त्या दहा दिवसांच्या बाळाने त्या मुलीच्या मनात जो निर्धार पेरला, त्याच्या बळावर ती समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली, १८८६ साली वैद्यकाची पदवी घेतली, आणि आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला. १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नसता, क्षयाने ती गेली. तिला आपण डॉक्टर म्हणून वंदन करतो. पण ज्या दहा दिवसांनी तिला डॉक्टर केले, ते दिवस आजही किती घरांत येतात, हे पाहत नाही.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर जी कुटुंबांची आरोग्यपाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रापुरते असे दिसले की २० ते २४ वयाच्या शंभर बायकांत सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले. १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींत सात-आठ जणी एक तर आई झालेल्या, नाही तर गरोदर. आणि पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत ३५ मुले वयाच्या मानाने खुजी. सिंधुदुर्गात बालविवाह पुष्कळ कमी, हे खरे. पण वारीत आपल्या खांद्याला खांदा लावून बीड-परभणीची मंडळी चालतात. तिकडे ऊसतोडीला 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी लागते. आईबाप सहा-सहा महिने फडावर, मागे वयात आलेली पोर एकटी. मग हंगामाच्या आधी तिचे हात पिवळे करून टाकतात. लोभाने नव्हे, भयाने. त्यांना नुसता उपदेश काय पुरणार? ती पोर गावात सुरक्षित राहील, शाळेत जाईल, एवढे गावाने अंगावर घेतले तर बापाचे भय उतरेल.

आता यातले कारण समजून घ्या. पोरीचे अंग वाढत असताना गर्भ राहिला की एका ताटात दोन भुकेले बसतात. अन्न तेवढेच, आणि वाटेकरी दोघे. रक्त आधीच कमी. बाळ कमी वजनाचे होते, आणि आई खंगते. तिला विचारणारे कोणी नाही, हातात पैसा नाही, शाळा सुटलेली. ती मूल वाढविणार तरी कशी? बाळाच्या दुबळेपणाचे मूळ पुष्कळदा आईच्या लग्नपत्रिकेत असते.

एकदा कीर्तन आटोपल्यावर एका आजींनी विचारले, "बुवानू, सुनेची एकादशी मोडली तर दोष कोणाक?" सून सतरा वर्षांची, सातवा महिना. प्रश्न भाबडा नव्हता, त्यात सुनेची काळजी होती आणि धर्माचे भयही होते. त्यांना सांगितले तेच येथे सांगतो. व्रतग्रंथांनी गर्भिणी व सूतिका यांना उपवासाऐवजी नक्त करण्याची, किंवा व्रत दुसऱ्याकडून करविण्याची मोकळीक दिली आहे. एकादशी तुम्ही धरा, सुनेला वाढा. तिच्या पोटातल्या बाळाने काही संकल्प सोडलेला नाही!

तसेच घरातील रीतीचे. सून सर्वांच्या मागून जेवते, म्हणजे उरेल ते जेवते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईचे पान पहिले मांडावे. बाळंतपण दवाखान्यात व्हावे. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी धरावे. पहिला चीक पिळून टाकतात, तो टाकू नये. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, मध नको, घुटी नको, पाणीही नको. पण सहा महिने पुरे होताच नुसत्या दुधावर ठेवू नये. आमच्या कोकणात काय कमी आहे? उकड्या तांदळाची मऊ पेज, नाचणीची आंबील, कुळथाची पिठी, मुगाची डाळ, वर तुपाचा थेंब. पेज मात्र पाण्यासारखी नको, चमच्यावर ठरेल अशी घट्ट हवी. आम्ही माळकरी, मासळी आम्हांस वर्ज्य. पण समुद्रकाठच्या ज्या घरात मासळी शिजते, त्या घरातल्या बाळंतिणीला आपला नेम लावण्याचा अधिकार आम्हांला नाही. दोन वर्षे अंगावरचे दूध चालू ठेवावे. अंगणवाडी १९७५ पासून याच कामासाठी आहे. तिथला आहार घरपोच मिळतो, तो आई-बाळाचा आहे, घरादाराचा नव्हे.

राहिला प्रश्न, जी पोर लग्नावाचून किंवा अकाली आई झालीच, तिचे काय? लाजेने, कायद्याच्या भयाने तिला लपवितात, दवाखान्यात नेत नाहीत. सज्जनहो, आळंदीची ती चार भावंडे आठवा. बापाने संन्यास सोडला हा दोष ठरवून गावाने लेकरांना वाळीत टाकले, शुद्धिपत्रासाठी पैठणला धाडले. आईबापांच्या दोषाची शिक्षा मुलांना देणाऱ्यांची नावे आज कोणी घेत नाही. आणि त्या लेकरांच्या नावाने आपण पालखी वाहतो! तेव्हा दोष शोधायचा तर तो लग्न लावणाऱ्या, अत्याचार करणाऱ्या मोठ्या माणसांत शोधावा. पोरीच्या व बाळाच्या वाट्याला फक्त अन्न आणि औषध यावे.

म्हणून नेम सांगतो, फार अवघड नाही. अठराच्या आतील मुलीच्या लग्नाच्या अक्षता हातात घ्यायच्या नाहीत. असे लग्न ठरते आहे असे कळले तर १०९८ या क्रमांकावर कळवायचे, त्याला चुगली म्हणत नाहीत. आणि दारी कोवळी माय लेकरू घेऊन उभी राहिली, तर तिची कथा विचारण्याआधी तिला जेवू घालायचे. 'माउली' हा शब्द तोंडाने म्हणायला काही लागत नाही. तो ताटात वाढायचा असतो.

राम कृष्ण हरि.