पाक मांजर आणि लिटर बॉक्स

इस्लामी धर्मशास्त्रात मांजर नापाक (अशुद्ध) मानलेले नाही. प्रेषितांचे सहकारी अबू कतादा यांनी वजूचे (नमाजापूर्वी हातपाय धुण्याचे) भांडे कलते करून मांजराला पाणी पाजल्याची हकिकत इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आहे; अशा उष्ट्या पाण्याने वजू करायला हरकत नसते. त्याचे मलमूत्र मात्र बहुतेक फकीहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) नापाक ठरवले आहे. नमाजाचे कपडे आणि जागा त्यापासून मुक्त हवी. प्राणी जवळ, पण त्याची घाण जानमाजपासून (नमाजाच्या चटईपासून) दूर, हे साधायचे कसे, हा प्रश्न शेवटी लिटर बॉक्सपाशीच येतो.

झाकणाचा, सुगंधी खड्यांचा बॉक्स माणसाच्या नाकाला पटतो. बऱ्याच मांजरांना मात्र कोंडलेला वास आणि अत्तर दोन्ही नकोसे होतात, आणि मग ती नेमकी सतरंजी गाठतात! त्यामुळे शुद्धतेसाठीसुद्धा आधी मांजराचीच आवड पाहावी लागते. शरीराच्या सुमारे दीडपट लांबीचा उघडा बॉक्स, बिनवासाची बारीक वाळू आणि वर्दळ नसलेला कोपरा बहुतेकांना मानवतो. म्हाताऱ्या मांजरासाठी एक कड बुटकी असावी. वाळू पंजांना चिकटून घरभर जाते, म्हणून बॉक्सबाहेर पायपुसणे हवे. मल रोज काढावा. कारण त्यात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असल्यास तो संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात.