अर्धं पाऊल

माझी आई रोज पहाटे विनोबांची गीताई म्हणायची, आणि मी त्याच वेळी बुटांच्या नाड्या बांधून मैदानावर निघायची. अठराव्या अध्यायाशी माझी ओळख झाली ती अशी, दारातून बाहेर पडता पडता. कुठल्याही कर्माची कारणं पाच, असं तिथे सांगितलंय: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. ही पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही, असंही पुढे येतं. मी तेव्हा सतरा वर्षांची, नागपुरातल्या एका सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर सेंटर खेळणारी. पाच म्हटलं की मला आमच्या पाच जणीच दिसायच्या.

सरांनी आमच्याकडून एक प्ले, म्हणजे ठरलेली चाल, घोटून घेतला होता, ‘यूसीएलए कट’. लॉस एंजेलिसच्या त्या विद्यापीठात प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या संघांनी तो गाजवला. १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत त्यांनी दहा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. प्ले दिसायला साधा. गार्ड वरून बाजूच्या विंगला पास देते. फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर सेंटर स्क्रीन लावून उभी असते. गार्ड आधी उलट्या दिशेला एक हूल देते आणि मग सेंटरच्या खांद्याला खांदा घासून सरळ रिंगखाली पळते. तिच्या मागावरची मुलगी सेंटरवर अडकते. तेवढ्यात विंगकडून पास येतो, आणि लेअप.

जर-तर इथूनच सुरू होतात. मागावरची मुलगी वळसा घालून आधीच रिंगखाली पोचली, तर गार्डने तिथेच तिला पाठीवर घेऊन पास मागायचा. विंगला आत पास देता आला नाही, तर सेंटरने बाहेर सरकून चेंडू घ्यायचा आणि वरून आत द्यायचा. तेही बंद असेल, तर सेंटरने विंगकडे जाऊन तिच्यासाठी नवी स्क्रीन लावायची. यातलं काय करायचं ते आम्ही ठरवत नव्हतो. ते समोरचीच्या पायांवरून ठरायचं. दैव या शब्दाचा याहून सोपा अर्थ मला अजून सापडलेला नाही.

सेंटरचं काम मात्र सगळ्यात विचित्र. तिने उभं राहायचं. दोन्ही पाय जमिनीवर, शरीर स्थिर. जिला अडवायचं ती उभी असेल आणि तिला मागचं दिसत नसेल, तर तिच्यासाठी एका पावलाची जागा सोडायची. धक्का बसण्याच्या क्षणी तुम्ही हललात, तर फाउल तुमचा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांत विनोबांनी अकर्म समजावताना सूर्याचा दाखला दिला: अंधार घालवायला तो काही वेगळं करत नाही, तो असतो एवढंच. स्क्रीन लावताना मला तो सूर्य आठवायचा. वय सतराचं, दुसरं काय होणार!

मग तो सामना आला. आंतरमहाविद्यालयीन उपांत्य फेरी, आम्ही एका गुणाने मागे, शेवटचे काही सेकंद. प्ले नेहमीसारखा सुरू झाला. गार्ड माझ्या अंगावरून गेली, मागावरची मुलगी माझ्यावर आली, आणि शिट्टी वाजली. चेंडू रिंगमधून खाली आला तो शिट्टीनंतर. मी हलले होते. अर्धं पाऊल. का हलले, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. विंगने आत पास दिला नाही, तर चेंडू माझ्याकडे येणार होता, आणि शेवटचं बास्केट माझ्या हातून व्हावं असं मला वाटत होतं. मन पुढच्या जर-तरमध्ये गेलं आणि पाय त्याच्या मागून. रेफरीने बोटांनी माझा नंबर दाखवला. पाच कारणांपैकी त्याने एकच निवडलं होतं.

रात्री आई पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, “आई, कारणं पाच ना? मग फाउल माझ्या एकटीचा कसा?”

तिने लाटणं थांबवलं नाही. “बास्केट झालं असतं, तर तुला बाकीच्या चार जणी आठवल्या असत्या का गं?”

त्या प्रश्नावर मी चाळीस वर्षं जगले. पाच कारणांचा हिशेब जिंकल्याच्या दिवशी मांडायचा असतो. हरल्याच्या दिवशी मांडला, तर ती पळवाट होते. आणि फळाची आस म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं, तर मी हाताने माप दाखवते: अर्धं पाऊल, त्याहून जास्त नाही.

आता अमेरिकेत एनबीएवाले स्क्रीनचीही मोजणी करतात. तुमच्या स्क्रीनमुळे बास्केट झालं, तर ते तुमच्या नावावर लागतं. चांगलंच आहे. पण मोजायला लागलं की त्याचीही आस लागते, आणि न मोजलेलं काम एक जागा पलीकडे सरकतं.

गेल्या महिन्यात नव्या मुलींना हाच प्ले शिकवत होते. लांबच्या कोपऱ्यात उभी केलेली एक मुलगी वैतागली. “मॅडम, या अख्ख्या प्लेमध्ये मला कामच नाही.” मी म्हटलं, “बरं, मग चेंडूकडे चल.” ती चार पावलं आत आली. तिच्या मागावरची मुलगीही आली आणि नेमकी रिंगखाली येऊन उभी राहिली. पळत आलेली गार्ड तिच्यावर आदळली. दोघी खाली बसल्या. कोपऱ्यातलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता परत जागेवर गेली.

वुडन यांचा एक नेम मी पाळते. बास्केट करणारीने पास देणारीची खुणेने दखल घ्यायचीच. पुढच्या खेपेला बास्केट झालं आणि गार्डने विंगकडे बोट केलं. मी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. ती डिफेन्ससाठी परत पळत सुटली होती.