फळ्यावरची आकृती

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर प्लायवूडचा मोठा फळा ठोकलेला आहे आणि त्यावर हत्यारे टांगलेली असतात: दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, पक्कड, हातोडी. प्रत्येकाच्या मागे पांढऱ्या ऑइलपेंटने त्या-त्या हत्याराची आकृती काढलेली आहे. संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी मिस्त्री फळ्यावर एक नजर टाकतात. एखादी आकृती उघडी दिसली की पोऱ्याला हाक जाते, "बारीक पक्कड कुठंय रे?" वही नाही, मोजदाद नाही. जे जागेवर नाही, तेच डोळ्यांत भरते.

ही युक्ती कुणाची, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "कुणाची म्हणजे? माझ्या उस्तादाकडं होती. त्याच्या उस्तादाकडंही असणार."

हत्यारे ठेवण्याच्या सोयींवर मात्र जगभर पेटंटे घेतली गेली आहेत. झाकण उचलताच खण पायऱ्यांसारखे बाहेर येणारी पेटी, सॉकेट अडकवायची पट्टी, असे किती तरी. त्यांच्या शेजारीच, त्याच साच्याच्या भाषेत, चकाकणाऱ्या रंगांची आणि काचतंतूंच्या जाळ्यांची पेटंटे नोंदलेली असतात. गंमत अशी, की या गॅरेजात तिन्ही आहेत. गाडीच्या एसीची गळती शोधायला मिस्त्री गॅसबरोबर एक रंग सोडतात. अतिनील टॉर्च मारला की गळतीच्या जागी हिरवट-पिवळा ठिपका उजळतो. आणि शटरच्या वरून आत आलेल्या काळ्या वायरीत केसाएवढा काचेचा तंतू आहे. रंग, तंतू आणि हत्यारांची पेटी यांना एकाच तराजूत घालणारी ही पेटंटची कल्पना घडली कशी?

सुरुवात शब्दापासून करू. पेटंटला आपला सरकारी मराठी शब्द आहे 'एकस्व', म्हणजे एकट्याचे स्वामित्व. 'पेटंट'चे लॅटिन मूळ मात्र नेमके उलट सांगते: उघडे. पेटंट म्हणजे मुळात राजाचे पत्र, आणि ते घडी घालून मोहोरबंद केलेले नसे. मोहोर खाली लोंबत असे आणि मजकूर कुणीही वाचावा अशी अपेक्षा असे. आपल्या सनदेसारखेच. एक शब्द कुंपण दाखवतो, दुसरा दार. गेली सहाशे वर्षे ही कल्पना या दोहोंत हेलकावे खात आली आहे.

1421 साली फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुशिल्पीने अट घातली, की माझ्या जहाजाची रचना मी सांगेन, पण आधी मला संरक्षण द्या. नगराने तीन वर्षांचा हक्क दिला. संगमरवर वाहून आणणारे ते जहाज पुढे आर्नो नदीत बुडाले. अट मात्र तरली. 1474 साली व्हेनिसने दहा वर्षांच्या हक्काचा कायदाच केला. इंग्लंडच्या 1624च्या कायद्याने राजाच्या मर्जीतल्या मक्तेदाऱ्यांना चाप लावला आणि नव्या शोधाला तेवढी चौदा वर्षांची सवलत ठेवली. उमेदवारीची मुदत सात वर्षांची, तिची ही दुप्पट. म्हणजे दोन उमेदवार शिकून तयार होईपर्यंत धनी एकटा. मग विद्या सगळ्यांची. तिथे पेटंट म्हणजे बक्षीस नव्हते, सौदा होता.

हा सौदा नसेल तर काय होते, हे रंगांच्या धंद्याने दाखवून दिले. 1852 साली केंब्रिजच्या स्टोक्स यांनी क्विनाइनच्या द्रावणातली निळसर चमक तपासली आणि दाखवले, की पदार्थ न दिसणारा प्रकाश गिळून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. याला आपण प्रतिदीप्ती म्हणतो. 1871 मध्ये रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी फ्लुओरेसीन हा रंग तयार केला. पाण्यात तो झगझगीत हिरवा दिसे, पण कापडावर फारसा टिकत नसे. जर्मनीच्या बीएएसएफ कारखान्यातल्या हाइनरिख कारो यांनी त्याला ब्रोमीनची जोड दिली आणि रेशमावर गुलाबी झळाळी आणणारा रंग मिळवला. नाव ठेवले इओसिन. ग्रीकांची इओस म्हणजे आपली उषा.

1874 मध्ये इओसिन बाजारात आले, तेव्हा अख्ख्या जर्मनीला लागू होईल असा पेटंट कायदाच नव्हता. कारखान्याने जुना मार्ग धरला आणि कृती गुप्त ठेवली. पण रंग विकायचा तर तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यावाच लागतो. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ होफमन यांनी नमुना मिळवून त्याचे पृथक्करण केले आणि 1875 मध्ये त्याची घडण सरळ छापून टाकली. गुपित वर्षभरही धड टिकले नाही.

1877 मध्ये जर्मनीचा कायदा आला. त्यातली मेख अशी, की रसायनाच्या बाबतीत हक्क पदार्थावर नव्हे, तो बनवण्याच्या कृतीवर मिळे. तोच पदार्थ वेगळ्या वाटेने बनवायला इतर मोकळे. त्यामुळे जर्मन प्रयोगशाळा नव्या वाटा शोधत राहिल्या. भारताच्या 1970च्या कायद्याने औषधांसाठी हाच मार्ग धरला, आणि 2005 पर्यंत आपल्या औषध कारखान्यांनी त्या मोकळिकीत हात बसवून घेतला.

काचतंतूंच्या वेळेस प्रश्न बदलला: कुंपण नेमके कुठपर्यंत? 1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडात मांडले, की तंतूत प्रकाश विझतो, तो दोष काचेचा नाही, तिच्यातल्या भेसळीचा आहे. एक किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी उरला, तरी तंतूवरून संदेश पाठवणे परवडेल. त्या काळच्या तंतूंत वीसेक मीटरांतच प्रकाश शंभराव्या भागावर येई. 1970 मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीतल्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. आजच्या तंतूत किलोमीटरमागे जेमतेम पाच टक्के प्रकाश हरवतो.

1972 साली मिळालेल्या पेटंटात कॉर्निंगने लिहिले होते, की गाभ्याच्या शुद्ध काचेत दुसरे द्रव्य मिसळून तिचा अपवर्तनांक बाहेरच्या थरापेक्षा वाढवायचा. मग प्रकाश आतल्या आत परतत पुढे जातो. जपानच्या सुमितोमो कंपनीने उलटा डाव टाकला. गाभा शुद्धच ठेवला आणि बाहेरच्या थरात फ्लोरीन मिसळून त्याचा अपवर्तनांक खाली आणला. जमीन उंच करण्याऐवजी भोवती खड्डा खणला. शब्दांकडे पाहिले तर कुंपण ओलांडलेलेच नव्हते. अमेरिकी न्यायालयाने मात्र म्हटले, की काम तेच, रीत तीच, परिणाम तोच. म्हणून उल्लंघन झाले. अपिलातही 1989 मध्ये हाच निकाल कायम झाला. आणि त्याच वर्षी पेटंटची सतरा वर्षे भरली. कुंपण पक्के ठरले आणि उठलेही.

मग उरते हत्यारांची पेटी. ती क्षुल्लक दिसते, पण कल्पनेची खरी कसोटी तिथेच लागते. केवळ नवे असणे पुरेसे आहे का? 1851 मध्ये अमेरिकेत दरवाजाच्या मुठीवरून खटला झाला. लाकूड-धातूऐवजी मूठ मातीची केली, एवढाच शोध. न्यायालय म्हणाले, हे तर कुठल्याही कसबी कारागिराला सुचले असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये भांडी घासायच्या लेथवरील पकडीबद्दल जवळपास हेच सांगितले: ही कार्यशाळेतली सुधारणा आहे, शोध नव्हे. ठाऊक असलेली साधने नुसती जवळजवळ मांडली आणि प्रत्येक आपापलेच काम करत राहिले, तर आपला कायदाही त्याला शोध मानत नाही.

मला या निकालांत कारागिराचा अपमान दिसत नाही. उलट मानच दिसतो. कसबी हाताला रोज जे सुचते, ते त्या धंद्यातल्या सगळ्यांचे, असे कायदा मान्य करतो. एकस्व मिळते ते त्याच्या पलीकडच्या पावलाला, तेही मुदतीपुरते आणि सगळे उघड सांगण्याच्या बोलीवर. मुदत सरली की पाना पुन्हा फळ्यावर.

परवा गेलो तर मिस्त्रींनी नवा अतिनील टॉर्च आणला होता. पोऱ्याने तो फळ्यावर आडवा धरला होता आणि जीभ दातांत पकडून पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ ओढत होता. पांढऱ्या रंगाचा डबा खाली उघडून ठेवलेला होता.