काळ हा सोयीचा आरोपी

बंद पडलेल्या कापड गिरणीत वाईट फोटो काढायलाच कसब लागतं. फुटक्या काचांतून तिरपी उन्हं येतात, भिंतीतून पिंपळ फुटलेला असतो, गंजाला तांबूस झळाळी असते. फोटो आपोआप चांगला येतो. मग त्याखाली ओळही आपोआप येते : ‘काळाच्या ओघात हरवलेलं वैभव.’ माझा आक्षेप फोटोवर नाही, या ओळीवर आहे. काळ हा मोठा सोयीचा आरोपी. त्याच्यावर खटला भरता येत नाही आणि त्याच्या नावावर कुणाचीही जबाबदारी खपवता येते.

कोल्हापूरच्या शाहू मिलचंच घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोटितीर्थ तलावाजवळ या मिलचा पाया घातला. चारच वर्षांपूर्वी, १९०२ मध्ये, त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. पुढे राधानगरीच्या धरणाचं काम सुरू झालं. आरक्षण, पाणी आणि रोजगार हा एकाच विचाराचा पसारा होता. मिलच्या भोंग्यावर निम्मं कोल्हापूर घड्याळ लावायचं. शेवटी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात असताना, २००३ साली मिल बंद झाली.

मग कापडाचं युगच संपलं का? तीसेक किलोमीटरवरच्या इचलकरंजीत जाऊन उभं राहा. बोलणं ऐकू येणार नाही इतका मागांचा खडखडाट चालू असतो. तिथला पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आणला, म्हणजे शाहू मिलच्याही आधी. स्वातंत्र्यानंतर मोठ्या गिरण्यांनी माग वाढवण्यावर सरकारने निर्बंध घातले. करांचा भारही छोट्या यंत्रमागांवर हलका राहिला. गिरणीत कामगार कायदे, युनियन, भविष्यनिर्वाह निधी होता. शेडमधल्या चार-सहा मागांवर यातलं बरंचसं टाळता येई. कापड विणणं थांबलं नाही. ते भोंगा नसलेल्या, बारा-बारा तासांच्या पाळीच्या शेडमध्ये गेलं. शाहू मिलच्या पडझडीचा फोटो हे सांगत नाही. तो फक्त हळहळायला लावतो.

कॅमेरा मात्र याहून जास्त पाहू शकतो. गिरणीतला साचा, म्हणजे माग, उखडून नेला, तरी फरशीत बोल्टांची भोकं राहतात. दोन ओळींमधलं अंतर मोजलं, की विणणारा किती जागेत पाठ फिरवून दोन्हीकडचे साचे सांभाळायचा ते कळतं. करवतीच्या दातांसारख्या छपरांच्या काचा उत्तरेकडे ठेवायची रीत होती, कारण थेट ऊन नको, पण तुटलेला धागा दिसेल इतका सारखा उजेड हवा. आज फोटोत लोभस दिसणारा तो मऊ प्रकाश मुळात कामाच्या देखरेखीसाठी होता. कोरड्या हवेत सुती धागा तुटतो म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत. त्या कोंडलेल्या हवेत कापसाची तूस तरंगायची आणि छातीत जाऊन बसायची. हे ठाऊक असलेल्या माणसाचा फोटो वेगळा येतो. तो पिंपळाकडे कमी आणि फरशीकडे जास्त पाहतो.

जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे टिपले : ढगाळ उजेडात, समोरून, एकाच पद्धतीने. नाट्य टाळलं म्हणून त्यांचे फोटो दस्तऐवज झाले. पण त्यांतही माणूस नाहीच. उलट अमेरिकेतल्या लॉवेल शहरात जुन्या बूट कॉटन मिलच्या संग्रहालयात माग प्रत्यक्ष चालवून दाखवतात. पाहणाऱ्याच्या कानाला काम कळतं. आपल्या मुंबईत फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये जपली गेली. चिमणी राहिली, काम गेलं. जपणूक म्हणजे काय नव्हे, याचा तो नमुना आहे.

शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त २०२२ मध्ये कृतज्ञता पर्वाचे कार्यक्रम शाहू मिलच्या आवारात झाले. तिथेच महाराजांचं स्मारक व्हावं ही जुनी मागणी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्या स्मारकात केवळ संस्थापकाचा पुतळा आणि उजळलेल्या दगडी भिंती असतील, तर जवळपास शंभर वर्षं पाळ्या करणारी माणसं दुसऱ्यांदा कामावरून कमी केली जातील. तिथे एक चालता माग हवा. हजेरीबुकं, पगारपत्रकं जिथे मिळतील तिथून गोळा करून ठेवायला हवीत. अजून हयात असलेल्या कामगारांचं सांगणं त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित व्हायला हवं. आणि मिल का बंद पडली, याचं सरकारी धोरणांसकट उत्तर भिंतीवर ठळक अक्षरात लिहायला हवं.

चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घडवला ते हे कोल्हापूर. इथल्या तरुण फोटोग्राफरांना कॅमेरा कसा धरायचा हे शिकवण्याची गरज नाही. रीतसर परवानगी घ्यावी, आत जावं, हवे तेवढे फोटो काढावेत. फक्त फोटोखाली काळाचं नाव घालू नये. तिथे खात्याचं नाव, कामाचं नाव आणि बंद पडण्याचं कारण लिहावं. एवढं करायला एखाद्या जुन्या कामगाराच्या घरी जाऊन बसावं लागेल, आणि खरा फोटो तिथूनच सुरू होईल.