पिशोर उघडतं, नाचनवेल अडतं

"पिशोरची फाईल उघडते, नाचनवेलची उघडत नाही." कन्नड तालुक्यातल्या गावांच्या पावसाच्या नोंदी पायथनमध्ये घालू पाहणाऱ्या पिशोरच्या एका मुलाचं हे वाक्य मला सोडेना. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात, नावं इंग्रजी स्पेलिंगात, सगळी लहान अक्षरांत. फरक गावाच्या पहिल्या अक्षराचा.

कारण जाणकारांना ठाऊक आहे. विंडोजच्या पाथमध्ये नावांच्या मधे उलटी तिरकी रेघ असते आणि पायथन त्या रेघेनंतरचं अक्षर निराळं वाचतो. एन आला की नवी ओळ, टी आला की टॅब. म्हणून नाचनवेल, टापरगाव फुटतात. भारंब्याचा बी बॅकस्पेस होतो, औराळ्याचा ए घंटीचा संकेत. पीला असा अर्थच नाही, म्हणून पिशोर सहीसलामत!

मुळात एका रेघेवर दोघांनी हक्क सांगितला. सी भाषेनं ती एस्केपसाठी घेतली. 1983 च्या डॉस 2.0 नं फोल्डरसाठी घेतली, कारण सरळ तिरकी रेघ तिथे कमांडच्या ऑप्शनमध्ये आधीच गुंतली होती. निस्तरायचं मात्र पिशोरच्या पोरानं.

माझा एक मास्तर मित्र म्हणतो, "सगळीकडे अवतरणाआधी आर लावा, रॉ स्ट्रिंग करा, मग रेघ नुसती रेघच राहते, विषय संपला." संपत नाही. रॉ स्ट्रिंगच्या शेवटी एकच उलटी रेघ ठेवून बघा: ती बंद होणारं अवतरणचिन्ह गिळते आणि स्ट्रिंग उघडीच राहते. पण मजकुरात नमुने शोधणाऱ्या रेजेक्सपुरतं त्याचं खरं आहे. तिथे वाचणारे दोन असतात, आधी पायथन, मग रेजेक्स. रेघ आणि बी म्हणजे पहिल्याला बॅकस्पेस, दुसऱ्याला शब्दाची सीमा. मजकूर दुसऱ्यासाठी असेल, तर पहिल्याला गप्प बसवायलाच हवं. कुणासाठी लिहिलंय, हे मला नेहमीच काय लिहिलंय याच्याआधी विचारावंसं वाटतं.

मी चिडलो होतो नाचनवेलवर. आता वाटतं, चिडायला हवं पिशोरवर. नाचनवेल अडलं म्हणून चूक कळली. पिशोर योगायोगानं चाललं आणि मुलाला वाटलं, लिहिलंय ते बरोबरच. उद्या फाईलचं नाव 'नवीन पिशोर' केलं की तेही फुटेल. त्यापेक्षा युजर्स फोल्डर प्रामाणिक: रेघेपुढे त्याचा मोठा यू दिसला की पायथन 3 प्रोग्राम सुरूच करत नाही. फोल्डर औरंगाबाद नावाचा असेल तर घंटी; 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, तसं छत्रपती संभाजीनगर केलं तर सीला अर्थ नाही, सगळं सुरळीत. गंमत म्हणजे त्याच वर्षी आलेला पायथन 3.12 अशा सुरळीत चाललेल्या रेघेवरही समोर दिसेल असा इशारा देऊ लागला. 2016 च्या 3.6 पासून तो होता, पण सहसा दिसत नसे. पुढे तिथे थेट एररच द्यायचा बेत आहे. द्यावाच.

पाथसाठी मी सरळ रेघ वापरायला सांगतो. विंडोजवर पायथनला ती चालते. मित्र म्हणतो, एक्सप्लोररमधून कॉपी केलेला पाथ उलट्या रेघांनीच येतो, तो सुलटा कोण करत बसणार? बरं, लाव आर. शेवटी रेघ राहिली नाही ना, तेवढं बघ.