नकाराची किंमत

यंदा पुण्यातल्या एका परिसंवादात आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी भरपूर टाळ्या घेतल्या. त्यांचे म्हणणे असे : मूल कधी, कसे, कुणाच्या बीजातून आणि मुलगा की मुलगी, हा ज्याचा त्याचा खासगी मामला. सरोगसी आणि सहाय्यक प्रजननाचे २०२१चे दोन्ही कायदे म्हणजे सरकारने घेतलेला आजेसासूचा अवतार. आणि संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे आज असते तर त्यांनी हे कायदे भर सभेत फाडले असते. पहिली दोन विधाने मी सोडून दिली असती. कर्व्यांना साक्षीला ओढले, म्हणून हा लेख.

या स्नेह्यांना माझे शिरूर कासारचे निमंत्रण आहे. दिवाळी उरकल्यावर या. बीड जिल्ह्यातल्या सिंदफणाकाठच्या या तालुक्यात तेव्हा घरोघर कुलपे दिसतील आणि ओट्यावर म्हातारी माणसे. बाकीचे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोला मिळून. दोघांचा मिळून एक कोयता. दोघांतल्या एकानेही दिवस पाडला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. बाई अंधारात फडात उतरते, ऊस तोडते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. कोपीजवळ न्हाणी नाही, संडास नाही. अंगावरून जास्त जायला लागले, ओटीपोट दुखायला लागले, तरी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती दम धरते आणि गावी आली की दवाखाना गाठते. तिथे सोनोग्राफी होते आणि ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ एवढे वाक्य तिच्या पदरात पडते. मुले झालेली असतात. पिशवी निघते. खर्चासाठी पुन्हा उचल, म्हणजे पुन्हा फड.

२०१९ साली या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जो हिशेब आला, त्यात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. यांतल्या कुणाला हातपाय बांधून टेबलावर नेले नव्हते. स्नेह्यांच्या व्याख्येप्रमाणे ही सगळी स्वतंत्र निवडच म्हणायची. खाडा परवडत नाही, म्हणून शरीराचा एक अवयव देऊन टाकण्याची निवड!

‘मुलगा की मुलगी हेही आईबापांवर सोडा’ या मागणीचा निकाल आमच्या जिल्ह्याने कधीच लावून ठेवला आहे. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली बीडमध्ये ८९४ मुली होत्या. २०११ साली ८०७. परळीचे डॉ. सुदाम मुंडे बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणात २०१९ मध्ये दोषी ठरले, दहा वर्षांची शिक्षा झाली आणि जामिनावर असताना २०२० मध्ये पुन्हा रुग्ण तपासताना सापडले. गिऱ्हाईक असल्याखेरीज एवढी हिंमत कुणाला होत नाही. आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी, आपले पैसे घेऊन येत होते.

आता कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, दंड भरला. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, तरी मुद्दा हरला नाही. या माणसाला आजच्या फर्टिलिटी सेंटरच्या जाहिरातीखाली उभे करायचे म्हणजे चेष्टा आहे. कर्व्यांनी लोकांना माहिती दिली आणि तिच्या पायी स्वतःचा खिसा रिकामा केला. बाईला नको असलेले बाळंतपण तिच्यावर लादू नये, यासाठी त्यांचे भांडण होते. लादणारे तेव्हा धर्म, नवरा आणि न्यायाधीश होते; त्यांतला एकही हप्त्यावर उपचार विकत नव्हता. आज लादणाऱ्यांत मशीनचा मालकही आहे, आणि तो कर्व्यांचीच भाषा बोलतो. ही चलाखी स्नेह्यांना दिसू नये?

पण कर्व्यांना साक्षीला बोलावले की ते माझीही उलटतपासणी घेतात. बाईने आपल्या शरीरासाठी कुणाची परवानगी का मागावी, हा त्यांचा प्रश्न माझ्या बंदीप्रेमालाही लागू पडतो. २०१९च्या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यात पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. हेतू चांगला, पण जिला खरोखर गाठ आहे, ती रक्तस्राव घेऊन बीडला खेटे घालते. सरोगसी कायद्यात विधवेला आणि घटस्फोटितेला दार उघडे, अविवाहितेला बंद. म्हणजे आधी लग्नाचा दाखला दाखवा. गर्भलिंगनिदानबंदीच्या धाकाने काही डॉक्टर कायदेशीर गर्भपातालाही हात लावत नाहीत. इथे स्नेही बरोबर आहेत. आजेसासू खरोखरच घरात शिरली आहे.

म्हणून कसोटी बदलली पाहिजे. ‘तिने हो म्हटले का’ हे विचारून काही कळत नाही. ‘तिने नाही म्हटले असते तर काय झाले असते’ हे विचारा. नकाराने उचल अंगावर येणार असेल, सवत येणार असेल, तर होकाराला कवडीची किंमत नाही. बंधन घालायचे ते नकार महाग करणाऱ्यावर. बीजांडदान आयुष्यात एकदाच आणि सातच बीजांडे, ही कायद्यातली मर्यादा मला याच कारणाने मान्य आहे : ती क्लिनिकची सुई रोखते. शल्यचिकित्सकांनी परवानगीचे कागद बाईकडून मागण्याऐवजी दवाखान्याकडून प्रत्येक शस्त्रक्रियेचा जाब मागावा. खाड्याचा दंड तर गुन्हाच ठरावा.

आणि जिला मूल हवे आहे, तिचे काय? शिरूरसारख्या गावातल्या मूल न होणाऱ्या बाईसाठी बुवा आहे, नवस आहे, शहरातले लाखांचे पॅकेज आहे. सरकारने नसबंदी फुकट केली, वंध्यत्व मात्र खासगी ठेवले. खरे तर डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात. विद्या सार्वजनिक दवाखान्यात रुजली आणि पीक दुसऱ्यांनी नेले. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू करून दाखवले. अंबाजोगाईला आपले स्वामी रामानंद तीर्थ सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे हा विभाग काढा, कारखान्यांना फडावर न्हाणी-संडास बांधायला लावा, पाळीच्या दिवसांचा खाडा माफ करा. एवढे झाल्यावर स्नेह्यांनी शिरूरला येऊन निवडीच्या हक्कावर खुशाल व्याख्यान द्यावे. पहिल्या रांगेत बसून टाळ्या मी वाजवीन.