न दिसणे आणि नसणे

एखादी वस्तू दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येते का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टाने अभाव कळण्यासाठी ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांना ते मान्य नव्हते; अभावही प्रत्यक्षानेच कळतो, असे त्यांचे म्हणणे. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानाचा एक हेतू ठरवले. भांडण मोठे असले तरी एका अटीपाशी तिन्ही परंपरा जवळ येतात: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणे हा पुरावा. उजेडात जमिनीवर घागर दिसली नाही तर ती तिथे नाही. अंधारात दिसली नाही तर काहीच कळलेले नाही. पिशाच मुळातच दिसण्याजोगे नसल्यामुळे त्याच्या न दिसण्यावरून काही ठरत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरातल्या लॅपटॉपला वायफाय मिळेनासे झाले की याच अटीशी गाठ पडते. ‘नेट गेलं’ हे अभावाचे विधान आहे, आणि बहुधा ते घाईत केलेले असते. यादीत राऊटरचे नाव नाही म्हणून राऊटरला दोष देण्याआधी लॅपटॉपला ते दिसू शकत होते का, हे पाहावे लागते. एअरप्लेन मोड चालू राहिला असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. अनेक जुन्या लॅपटॉपना २.४ गिगाहर्ट्‌झचाच पट्टा कळतो. राऊटर फक्त ५ गिगाहर्ट्‌झवर चालत असेल तर तो शेजारी ठेवूनही उपयोग नाही. भारतात २.४ च्या पट्ट्यात १३ चॅनेल वापरतात, पण अमेरिकेच्या नियमांनुसार जुळवलेला लॅपटॉप १२ आणि १३ कडे सहसा पाहतच नाही. मोबाईलवर ते नाव दिसत असेल तर शोध लॅपटॉपमध्येच घ्यायचा. मातीच्या जाड भिंती, पत्रे आणि पावसाळ्यातली ओली झाडी यांत लहरी क्षीण होतात, ५ गिगाहर्ट्‌झच्या जास्तच. म्हणून राऊटरच्या खोलीत जाऊन पाहिल्याशिवाय ‘रेंज नाही’ या म्हणण्याला वजन येत नाही.

जोडणी झाली, पण इंटरनेट नाही, ही अवस्था अधिक बोलकी असते. लॅपटॉपचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याने राऊटरकडे पत्ता मागितला, उत्तर आले नाही आणि शेवटी स्वतःच एक पत्ता घेतला, असे समजावे. यावरून उत्तराचा अभाव कळतो, राऊटरचा नव्हे. योग्य पत्ता मिळाला आणि पिंगला राऊटरचे उत्तर आले, तर घरातला टप्पा ठीक आहे. बाहेरच्या सर्व्हरचा आकडी पत्ता उत्तर देतो, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तेव्हा संशय नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या डीएनएसवर. फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’चा लाल दिवा मात्र अटीत नेमका बसतो. तारेतून येणारा प्रकाश ओळखणे हेच त्या डब्याचे काम. वीज आहे, डबा शाबूत आहे, तरी प्रकाश मिळत नाही, म्हणजे तो पोचतच नाही. घरातली वायर मुडपलेली किंवा सैल नसेल तर बिघाड बाहेरचा, आणि लॅपटॉपची सेटिंग्ज बदलत बसणे व्यर्थ.

ताडोब्यातल्या व्याघ्रगणनेतही हेच तत्त्व आहे. कॅमेरा ट्रॅपमध्ये न आलेला वाघ जंगलात नाही, असे धरत नाहीत. तो टिपला जाण्याची शक्यता किती होती, याचाही हिशेब होतो.

दहाव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचार्याने ही अट थेट ईश्वराच्या प्रश्नाला लावली. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, या आक्षेपाला ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, उत्तर आहे: जो इंद्रियांना दिसण्याजोगाच नाही, त्याच्या न दिसण्याने त्याचे नसणे सिद्ध होत नाही. नुसते न दिसणेच पुरेसे असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायको-मुले दिसत नाहीत म्हणून शोक करत बसावे, असा टोलाही तो हाणतो. कोटी चोख आहे, पण तिची धाव मर्यादित आहे. ती नास्तिकाचा एक पुरावा बाद करते. आस्तिकाच्या हाती नवा पुरावा देत नाही. याच न्यायाने पिशाचही बचावते. उदयनाला हे ठाऊक होते. जग हे कार्य आहे, तेव्हा त्याला कर्ता असला पाहिजे, हे आणि असे युक्तिवाद त्याला पाचव्या स्तबकात वेगळे मांडावे लागले.